सर्वेश कुणाचा?

हळर्ण,
गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४

सिंधू,

मायना वगैरे तू समजून घे. माझी शाळा चौथीपर्यंतची, आणि चुलीवर भात ठेवलाय.

फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे देवळाच्या माईकवर बोलायचं. मामंजी एका कानाने बहिरे, पण फोन वाजला की दोन्ही कान जागे. आणि तुझ्या घरी कुठलाही फोन वाजला की उचलते समीक्षा, मला बोलायचंय तर तिच्याचबद्दल. म्हणून कागद. उद्या म्हापशाच्या बाजारात पद्मावतीकडे देते. तुझी शेजारीण मिरच्या घेऊन माझ्या बाजूलाच बसते, ती उघडून वाचणारी नाही. तुझं उत्तर पुढच्या शुक्रवारी तिच्याकडेच दे.

तर ऐक. श्रावणातले दोन आयतार, तुमच्या बेळगावकडचे रविवार, झाले. यंदा माझ्या दिराने, सगुणाने, आयताराची पूजा फोनवर दाखवायला सुरुवात केलीय. त्याला असल्या गोष्टींची भारी हौस. मी पत्री वाहते, कहाणी वाचते, आणि मुंबईचे, पुण्याचे, गल्फातले सगळे आपापल्या घरून बघतात. सगुण लिंक गावच्या ग्रुपवर टाकतो, तिथून लोक आणखी कुठे कुठे पाठवतात. दर आयतारी तीच लिंक. कोणीतरी त्याला विचारलं, पासवर्ड का नाही? तर म्हणाला, "पूजेला आलेल्याला दारात अडवून कोण तू म्हणून विचारतात काय?" खरंच आहे ते. आपल्याकडे विचारत नाहीत, पाट देतात.

सगळे तोंड दाखवतात. आमची कन्या तेवढी काळा चौकोन. गेल्या आयतारी मी सगळ्यांदेखत म्हटलं, "समीक्षा, देवासमोर कॅमेरा बंद? तोंडाला काय झालंय तुझ्या?" तर बिचारा सर्वेश मध्ये पडला. "असू दे वहिनी, अभ्यासाने दमली असेल. एकदा चेहरा दिसला असता तर बरं वाटलं असतं, एवढंच." किती मायेने बोलतो! सगळ्यांच्या आधी हजर असतो. त्याच्या बाजूला नेट कमी म्हणून त्याचं तोंड दिसत नाही, तिथे गणपतीचा फोटो लावलाय, पण कहाणी पुरी होईपर्यंत जागचा हलत नाही. तो एवढं बोलल्यावर मला लाज वाटली. मी ओरडले, "काका विचारतात ना, उघड तो कॅमेरा!" तेव्हा उघडला. रडवेलं तोंड दिसलं आणि लगेच बंद.

आता सरळ विचारते. पोरीला कामाला जुंपतेस काय? माझ्या भावाचं घर म्हणून ठेवली. दहावीचं वर्ष, शाळा जवळ, क्लास जवळ. असं तोंड पाडून बसायचं असेल तर दहावी गेली खड्ड्यात. आणते घरी, बसेल माझ्याबरोबर बाजारात भाजी घेऊन. हे तिला वाचून दाखव.

कमलाक्षी


डिचोली,
गुरुवार, २९ ऑगस्ट

वन्सं, नमस्कार.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप राग आला. कामाला जुंपते म्हणता! सकाळी पाववाल्या पोदेराची घंटी वाजली की दारापुढच्या बाल्कांवात जाऊन उंडे घ्यायचे, एवढंच तिचं काम. जेवलेलं ताटसुद्धा मी उचलू देत नाही. तुमच्या भावाला विचारा. असो, राग गेला.

पण पोरीचं काहीतरी बिनसलंय हे खरं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही ऐकून घेण्याआधी गाडीत बसाल. जेवण अर्धं टाकते. अंघोळीला जाताना फोन कपाटात कोंडून जाते. गेल्या आठवड्यात बघते तर फोनच्या कॅमेऱ्यावर बोट कापल्यावर लावायची पट्टी चिकटवलेली. फोन खराब होईल म्हणून मी ती ओढून काढली. तर माझ्याकडे असं बघितलं तिने, जणू मी तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

मला वाटतं वर्गातला कुणी मुलगा असेल. वयच तसं. "कोण आहे गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कोणी नाही मामी. आईला काही कळवू नको, ती शाळा बंद करील." मग तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलंत म्हणून वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. बाजारात भाजी घेऊन बसायचं ऐकलं आणि उठून आत गेली.

अभ्यासाची काळजी करू नका. क्लास आहे, शिवाय तुमचे सर्वेशभाऊ शिकवतात. पहिल्या आयतारीच त्यांनी पूजा चालू असताना मला एकटीला चॅटमध्ये लिहिलं, समीक्षाचा नंबर द्या, गणितात मदत करतो. दुबईत इंजिनियर आहेत ना ते? तुमच्या सासरचं माणूस, नाही कसं म्हणणार? दिला. संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. ती दार लावून बसते. घरातला आवाज नको म्हणून त्यांनीच तसं सांगितलंय म्हणे. तुम्ही त्यांना एकदा विचारा, पोर लक्ष देते का.

तुमची
सिंधू


हळर्ण,
रविवार, १ सप्टेंबर

सिंधू,

शुक्रवारी तुझं पत्र बाजारात उभ्या उभ्या वाचलं. पुढचं तू पाहिलंसच. तरी लिहिते, कारण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि इथे कुणाला सांगायची सोय नाही. शुक्रवारपर्यंत थांबवत नाही, उद्या सकाळी डिचोलीच्या बसच्या कंडक्टरकडे देते.

भाजी पद्मावतीच्या अंगावर टाकली आणि डिचोलीची बस धरली. बसमध्ये एक बाई विचारत होती, काय झालं, घरी कोण वारलं काय? तुझ्या दारात आले आणि विचारलं, "सर्वेश कुणाचा?" तू म्हणालीस, "तुमचा." मी म्हटलं, "आमचा गल्फात कुणी सर्वेश नाही. मी तर तो तुझ्या बेळगावच्या माहेरचा समजत होते." तेव्हा तू खाली बसलीस. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसलीस.

इथे येऊन सगुणाला धरलं. तो म्हणतो, "मला वाटलं जयवंतदादाचा दोस्त." माझ्या नवऱ्याला, जयवंतालाच विचारलं, तो म्हणतो मुंबईवाल्यांचा असेल. मुंबईला विचारलं, ते म्हणतात, "तुमच्या गावचाच ना?" बघ, सगळ्यांनी त्याला नमस्कार केला आणि तो कुणाचाच नाही. देवाचा फोटो लावून माझ्या पूजेत बसला होता. मी त्याला वर "भाऊ, तुमचं जेवण झालं?" म्हणून विचारत होते.

आजचा आयतार फोन बंद ठेवून केला. सगुण फुगून बसलाय. बसू दे.

पोरीने मात्र मला काही सांगितलं नाही. मी विचारलं, खांदे धरून हलवलं, ओरडले. तू मध्ये पडलीस तेव्हा तुलाही बोलले. शेवटी फोन हिसकावून घेऊन आले, ते बरंच केलं. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. काल एकदा चालू केला तर टिंग टिंग टिंग, थांबेचना. सगळं इंग्रजी अक्षरांत, मला वाचता येत नाही. जयवंताला वाचायला द्यायचं मन होईना. आत काय निघेल? परत बंद केला.

सगुण चतुर्थीच्या खरेदीला गेलाय. आला की त्याच्याकडून सगळं पुसून घेते, नंबरही फेकून देते. विषय संपला. आणि तिला सांग, शाळा चतुर्थीपर्यंत. मग बघू.

कमलाक्षी


डिचोली,
मंगळवार, ३ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र घेऊन तुमचा भाऊ मोटारसायकलवर आलाय. वाचून होईपर्यंत त्यांना चहा द्या, बोलत बसू नका. आधी हे वाचा.

काहीही पुसू नका. सगुणभाऊंच्या हातात फोन देऊ नका. पुसलं असेल तर तसं लगेच लिहा.

काल मी समीक्षाच्या शाळेत गेले. तिथे जानकी मॅडम म्हणून आहेत, मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला ठेवलेल्या. मी तुमचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, फोन कुठे आहे? मी म्हटलं, आईने काढून घेतला. त्या म्हणाल्या, "बहुतेक आया हेच करतात. म्हणून तर मुलं सांगत नाहीत. सांगितलं की शिक्षा त्यांनाच." मला माझीच लाज वाटली, मीही ती पट्टी ओढून काढली होती ना. मॅडम म्हणाल्या, त्याने जे लिहिलंय तोच पुरावा. त्याचे फोटो काढून ठेवायचे, मगच त्याला ब्लॉक करून बंद करायचं. त्याला उत्तर द्यायचं नाही, शिव्यासुद्धा नाही. विनवणीही नाही. आणि पोलिसांत जायचं, तिथे मुलीशी बोलायला बाई असतात. १०९८ नंबरही दिलाय, मुलांसाठीचा, तो मी भिंतीवर लिहून ठेवलाय.

पूजेचंही त्या बोलल्या. दर वेळी नवी लिंक, पासवर्ड, ग्रुपवर न टाकता ज्याची त्याला पाठवायची. येणाऱ्याला आधी बाहेर थांबवून ठेवता येतं म्हणे, आपण बघून आत घ्यायचं. आणि पोरीला कॅमेरा बंद ठेवावासा वाटला तर का म्हणून विचारायचं, उघडायला लावायचं नाही. हे ऐकताना मी तुमच्या वतीनेही ऐकत होते असं समजा.

आता मुख्य गोष्ट. घरी आल्यावर मी समीक्षाजवळ भाजी निवडत बसले. काही विचारलं नाही. मॅडमनी तसंच सांगितलं होतं. बऱ्याच वेळाने तीच बोलली. त्या माणसाने तिच्या चेहऱ्याचे फोटो ठेवलेत. तुम्ही कॅमेरा उघडायला लावलात त्या दिवसाचाही आहे. तो चेहरा तो भलत्याच घाणेरड्या चित्राला जोडणार आणि तुमच्या गावच्या ग्रुपवर टाकणार. चतुर्थीला सगळे गावी जमतात, तेव्हा टाकीन म्हणालाय. आता तिचा फोन तुमच्या डब्यात बंद. आत काय आलं, त्याने टाकलं की नाही, तिला कळायला मार्ग नाही.

तो काय मागतोय, ते तिने सांगितलं नाही. सांगते म्हणाली, पोलिसांतही येते म्हणाली. पण एका अटीवर. शाळा बंद करणार नाही आणि डिचोलीहून नेणार नाही, हे तुम्ही लिहून द्यायचं. मी म्हटलं, अगं, मी आईशी बोलते. तर म्हणाली, "आई बोलते ते संध्याकाळपर्यंत बदलतं. लिहिलेलं राहतं."

मी काही शिकवलेलं नाही. तिचेच शब्द आहेत. राग येईल, तो माझ्यावर काढा, पण कागद याच फेरीत द्या. चतुर्थी शनिवारी आहे.

सिंधू


हळर्ण,
मंगळवारीच

समीक्षा,

हे तुला लिहिलेलं माझं पहिलंच पत्र. तुझा मामा समोर बसून चहा पितोय आणि मी काय लिहिते ते वाकून बघतोय, त्याला मी ओसरीवर घालवला.

लिहून देते. तुझी शाळा बंद होणार नाही. दहावी तू डिचोलीला मामीकडे राहूनच करायची. पुढे शिकायचं असेल तर पुढेही. बाबांनी नाही म्हटलं तर त्यांच्याशी मी भांडीन. खाली सही करते, शिक्का असता तर तोही मारला असता.

पुसलं काहीच नाही. सगुणकाका खरेदीहून काल रात्री उशिरा आला म्हणून वाचलं, माझ्या अकलेने नाही. फोन मामाकडे परत देते. मामीने आणि त्या मॅडमनी मिळून उघडावा, तू एकटीने उघडू नको. गावच्या ग्रुपवर अजून काही आलेलं नाही. मामीचं पत्र वाचल्यापासून बाबांचा फोन मी तीनदा उघडून बघितला. बाबा विचारतात, "तुला कधीपासून ग्रुप आवडायला लागला?" मी म्हटलं, चतुर्थीच्या भाज्यांचे भाव बघते. त्यांना मी अजून सांगितलं नाही. तू म्हणशील तेव्हा सांगीन, तू म्हणशील तेवढंच.

आणि त्याने समजा टाकलंच. टाकू दे. मी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली उभी राहून सगळ्या गावाला सांगीन, हे चित्र खोटं आहे, आणि त्या माणसाला आपण सगळ्यांनी मिळून घरात घेतला होता. कोण काय बोलतो बघते.

मी तुला त्या दिवशी ओरडले, "काका विचारतात, कॅमेरा उघड." ते आठवलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं. याच्यापुढे मला काय लिहावं ते येत नाही. एवढी मोठी पत्रं लिहायची मला सवय नाही.

तुझी आई
कमलाक्षी जयवंत (सही)


डिचोली,
बुधवार, ४ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र मी मामीकडून मागून घेतलं आणि माझ्या दप्तरात ठेवलं.

आता सांगते. पहिल्या आयतारी त्याने मला एकटीलाच चॅटमध्ये लिहिलं, "कहाणी मस्त वाचते तुझी आई." मला बरं वाटलं. मग मामीने नंबर दिला. त्याने खरंच दोन-तीन गणितं शिकवली. त्याचा कॅमेरा नेहमी बंद. माझा चालू ठेवायला सांगायचा, वही दिसायला पाहिजे म्हणून. मग म्हणाला, दार लाव. मग वही नको म्हणाला.

पुढे त्याने जे मागितलं ते मी इथे लिहीत नाही. मी ते केलं नाही आई. एकदाही नाही. मी कॉल कापला आणि पट्टी लावली. तेव्हापासून धमक्या. मी तुला सांगणार होते. त्या आयतारी पूजा संपली की फोन करून सांगायचं ठरवलं होतं. पण तू सगळ्यांसमोर "काका विचारतात ना" म्हणालीस. मला वाटलं, तो तुमचाच माणूस आहे, तू त्याचंच ऐकशील. आणि नंतर मामीने तुझं भाजीचं पत्र वाचलं.

आज जानकी मॅडम आणि मामी बसल्या, मी फोन उघडला. सगळ्याचे फोटो काढून ठेवले. खूप होतं. मॅडमनी मला वाचायला दिलं नाही, त्यांनीच वाचलं. मग त्याला बंद केला. मॅडम म्हणाल्या, नाव खोटं असणार, दुबई पण खोटी असेल, सापडेल की नाही सांगता येत नाही, आणि चित्र टाकणार नाही असंही कुणी सांगू शकत नाही. पण आधी तक्रार केलेली असली की टाकलं तरी ते काढायला सांगता येतं. मला भीती अजून आहे. पण आज मी पूर्ण जेवले.

उद्या दुपारी पोलिसांत जायचंय. मामी येते. तू पण ये. पण एक सांगते, रागावू नको. तिथे मीच सांगणार आहे. तू बाजूला बस आणि मध्ये बोलू नको. मी थांबले तरी बोलू नको. मला वेळ लागेल.

समीक्षा


हळर्ण,
गुरुवार, ५ सप्टेंबर, सकाळ

समीक्षा,

तुझा मामा दारात गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणतो पत्र कशाला, बस मागे. पण तू लिहिलंस म्हणून मी लिहूनच आणते.

येते. बाजूला बसते. तू थांबलीस तरी थांबते. तुला लागेल तेवढा वेळ घे, माझी दुपार मोकळी आहे, संध्याकाळही मोकळी आहे.

मला गप्प बसायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. माझं तोंड उघडताना दिसलं तर टेबलाखालून माझा पाय दाब. जोरात दाब. हळू दाबलेलं मला कळत नाही.

आई